हरकत

मा. सरपंच, ग्रामपंचायत हळदोणे.
विषय: सर्वे नंबर ११२/४ मधील नियोजित गृहप्रकल्पास हरकत.
एवढं लिहून तीन दिवस झाले.
खाली कागद कोरा.

मुद्दे तसे तयार आहेत.
अठ्ठेचाळीस फ्लॅट, दोन पोहण्याचे तलाव,
आणि आमची विहीर अशी की एप्रिलात
कळशी खडकावर आपटल्याचा आवाज
पाण्याआधी वर येतो.
रस्ता असा की पोदेराची सायकल आली
तरी मी फाटकात अंग चोरतो.
सांडपाणी कुठे जाणार ते नकाशावर नाही.
नकाशावर एक हिरवा ठिपका आहे, शेजारी लिहिलंय लँडस्केप.
तिथे आज एक बिमलीचं झाड, दोन मानकुराद
आणि एक फणस,
ज्याची फांदी माझ्या कौलांवर
आणि निम्मे गरे, रिवाजाने, माझ्या घरात.

फणसाला अर्जात रकाना नसतो.

कंपनीचा माणूस येऊन गेला. नम्र मुलगा.
चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायला.
अंकल, तुमच्या जागेचा भाव दुप्पट होईल, म्हणाला.
मी विकणार नाही म्हटल्यावर
दुप्पट कशाची, हे त्याला विचारायचं राहून गेलं.
प्रफुल्ला म्हणते, चौथ्या मजल्यावरून
आपलं परसू दिसेल, दोरीवरचं सगळं दिसेल.
चिन्मयचा पुण्याहून फोन:
बाबा, चिडू नका, पण
एखादा आपणच बुक करून ठेवायचा का?

काल खरेदीखत शोधायला लोखंडी पेटी उघडली.
तळाशी, कसरीने कोपरा खाल्लेला
चौऱ्याण्णव सालचा एक कागद.
मीच टाइप करून नेला होता.
'शेजारी श्री. दामोदर म्हांबरे यांनी दुमजली घर बांधण्यास
माझी काही हरकत नाही.'
खाली सही, लांब शेपटीची, जुन्या शाळेतली:
एर्मेलिंदा.

तेव्हा तिच्या बलकांवातून खाजन दिसायचं.
भरतीचं पाणी मानशीपाशी चढताना, बगळे,
पलीकडची एक होडी, नेहमी तीच.
तिनं कागद वाचला नाही.
चहा घेणार का, विचारलं.
पावसाळ्यानंतर माझा वरचा मजला उभा राहिला
आणि तिची वेताची खुर्ची
रस्त्याकडे तोंड करून दिसू लागली.
त्यावर ती कधीच काही बोलली नाही.
फणस मात्र दर वर्षी आला,
सुरीला तेल लावून आला,
ती गेली त्या वर्षीसुद्धा.
भाच्यांनी भाट स्विंडनमधून विकलं, फोनवर.

संध्याकाळी गडगा ओलांडून मी तिच्या बलकांवात गेलो.
घराला कुलूप. खुर्ची नव्हती.
सोप्यावर बसलो, ती बसायची तिथं,
आणि तीस वर्षांत पहिल्यांदा
माझं घर त्या बाजूनं पाहिलं.

नुसते चिरे.
सिमेंटचे ओघळ सांध्यांतून सुकलेले,
एक पाइप, शेवाळ,
परातीच्या बांबूंची बुजवायची राहिलेली भोकं.
गिलावा आम्ही तीनच बाजूंना केला होता.
पैसे कमी पडत होते, आणि
तिकडून कोण बघतंय,
असं कोणीतरी म्हणालं होतं.
मीच म्हणालो होतो.

उद्या शेवटची तारीख.
हरकत मी देणारच आहे.
विहीर खरी आहे, रस्ता खरा आहे,
शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

पण आज सकाळी बाबलो गवंड्याला बोलावलं.
त्यानं गडग्यावर चढून भिंत पाहिली,
पानाची पिंक टाकली, मग हळूच विचारलं:
पात्रांव, ही बाजू आता कोणाला दाखवायची?